गाडीचं कपाळ

बाबालाल मिस्त्रीनं पान्यांची पिशवी उघडलीच नाही. अंगणात आला, पिशवी तुळशीच्या कट्ट्याला टेकवली आणि ह्यांच्या गाडीसमोर उकिडवा बसला. बसला तो बसलाच. मी दाराआडून बघत होते. आधीचे तीन मिस्त्री आल्या आल्या इंजिनावर तुटून पडले होते, अंगणभर नटबोल्ट पसरून गेले होते. हा बाबा मात्र गाडीकडे नुसता बघत राहिला, मुलगी बघायला आल्यासारखा.

बऱ्याच वेळानं त्यानं ह्यांना एकच गोष्ट विचारली. "बंद पडायच्या आधी आवाज चढतो का उतरतो?"

ह्यांनी जरा आठवलं. "चढतो. एकदम मोकळी झाल्यागत पळती, मग गप्प."

"हां," मिस्त्री म्हणाला आणि चहा मागितला.

आत चुलीपाशी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पुटपुटल्या की हा चौथा, हाही चहा पिऊन जाईल. मी आधण ठेवलं. तो सोमवार होता आणि गुरुवारी माझे वडील मला न्यायला येणार होते. माहेरपणाला नव्हे. कायमचं म्हणा, नाहीतर गाडी सुधारेपर्यंत म्हणा. ती सुधारत नव्हती, म्हणजे दोन्ही एकच.

आता हे सगळं चाळीस वर्षांपूर्वीचं. आमचं गाव शिरोळकडचं, नदीकाठचं. हे घड्याळं दुरुस्त करायचे. चार गावांचे चार आठवडी बाजार, प्रत्येक बाजारात छत्रीखाली बसून लोकांची बंद पडलेली घड्याळं चालू करायचे. उजवा पाय लहानपणी पोलिओनं गेलेला, काडीसारखा. आत्याबाईंनी त्यांना नवव्या वर्षापर्यंत कडेवर घेऊन शाळेत नेलं. पोरं हसायची, त्या ऐकून घ्यायच्या. पुढं ह्यांचा जम बसला तेव्हा दावणीच्या दोन्ही म्हशी विकून त्यांनी ही गाडी घेतली. गाडी म्हणजे काय, सायकलच होती. पायडल, साखळी, कॅरियर सगळं सायकलचं, मध्ये एवढंसं इंजिन आणि त्याच्यावर तांब्याएवढी टाकी. पेट्रोलात ऑइल मिसळून घालायचं, स्टँडवर चढवून चांगल्या पायानं पायडल मारायचं, की फुर्रकन चालू. आत्याबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, ही गाडी न्हाई, माझ्या लेकाचा पाय हाय.

आणि तो पाय मी घरात आल्यावर लंगडायला लागला.

आमचं लग्न माघात झालं. आठ-दहा दिवसांनी गाडी पहिल्यांदा रस्त्यात बंद पडली. मग रोजचंच झालं. दारातून सुरेख निघायची, तीन-चार मैल गेली की आवाज चढायचा आणि खलास. अर्धा तास बसलं की चालू व्हायची, पुन्हा तीन-चार मैल, पुन्हा खलास. बाजारात पोचेपर्यंत बाजार उठायला आलेला. एकानं प्लग बदलला, दुसऱ्यानं सायलेन्सरमधली काजळी खरवडून काढली, तिसऱ्यानं पिस्टनच्या रिंगा घातल्या आणि सांगितलं की गरम होते, बंद पडली की गार होऊ द्या. त्यांच्या दारात गाडी नीट चालायची. दोनतीन फेऱ्या मारून बघायचे, झालं, घेऊन जा म्हणायचे.

वैशाख लागला आणि एका दुपारी गाडी पुलाच्या अलीकडे जी मेली ती उठेना. हे उन्हात चार मैल गाडी ढकलत आले. त्या पायानं. तळहात सोललेले, अंगात ताप. आत्याबाईंनी पायाला तेल चोळता चोळता पहिल्यांदा तो शब्द उच्चारला. पायगुण. माझ्याकडे बघूनसुद्धा म्हणाल्या नाहीत, तेलाच्या वाटीकडे बघून म्हणाल्या. हे म्हणाले, इंजिनाचा आन् हिचा काय संबंध? तर त्या रडायला लागल्या. म्हशी आठवून रडल्या, शाळेची वाट आठवून रडल्या. ह्यांच्या तोंडाला कुलूप लागलं. दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी शेजारच्या मास्तरांकडून माझ्या वडिलांना कार्ड लिहून घेतलं, गुरुवारी येऊन पोरीला घेऊन जावे.

मी त्यांना दोष देत नव्हते, हे खरं सांगते. मला स्वतःलाच तसं वाटायला लागलं होतं. चालताना मी माझ्या पावलांकडे बघायची.

तर बाबालाल मिस्त्री. शिकलगार तो, मूळचा हत्यारांना धार लावणाऱ्यांतला, जयसिंगपूरच्या रस्त्याला त्याची टपरी होती. पन्नाशीचा, हडकुळा, कमी बोलायचा. चहा पिऊन ह्यांना म्हणाला, की गाडी मी नेणार नाही. गाडी माझ्या दारात आजारी पडत नाही, तर माझ्या दारात मी काय बघू? जिथं राहती आन् जिथं जाती तिथं बघतो. उद्या तुम्ही रोजच्यासारखं निघायचं, रोज जे जे करता ते ते करायचं, माझ्यासाठी काही बदलायचं नाही. मी सायकल घेऊन मागनं येतो.

आत्याबाई आत म्हणाल्या, झालं, आता हा वरातीला निघाला.

मंगळवारी दिवस उगवायच्या बेताला तो आला आणि कट्ट्यावर बसला. ह्यांनी बाटलीत पेट्रोल आणि ऑइल कालवलं, टाकीत ओतलं, टोपण लावलं. घड्याळांची पेटी कॅरियरला बांधली. मग माझी पाळी. परक्या माणसासमोर मला लाज वाटत होती, पण काही बदलायचं नाही असं त्यानंच सांगितलेलं. मी कुंकवाची वाटी घेऊन बाहेर आले.

आमच्या माहेरी मिरजेत टांगा होता. सकाळी घोडा जुंपला की आई त्याच्या कपाळाला हळदकुंकू लावायची, त्याशिवाय माझे वडील, आबा, लगाम हातात घेत नसत. घोडा माघारी येतो तो त्या कुंकवाच्या वाटेनं, असं आई म्हणायची. सासरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी ह्यांच्या गाडीला कुंकू लावायला लागले. टाकीचं टोपण गोल, वर, मधोमध. मला तीच जागा बरी वाटली. कोरडं कुंकू वाऱ्यानं उडून जायचं, म्हणून हळद आणि कुंकू तेलात कालवायची, म्हणजे संध्याकाळपर्यंत टिकायचं. रोज आदल्या दिवशीच्यावर नवं, अंगठ्यानं जरा दाबून. आत्याबाईंना माझी एवढी एकच गोष्ट पसंत होती. गल्लीत सांगायच्या, पोरगीला वळण हाय.

मी कुंकू लावलं, हात जोडले. मिस्त्री बघत होता. हे निघाले, मागून मिस्त्री सायकल रेटत निघाला, आणि आवाज लांब जाईपर्यंत मी दारात उभी राहिले.

त्या दिवशी मी माझी ट्रंक भरली. फार काही नव्हतंच. चार लुगडी, एक आरसा. आत्याबाई दळण निवडत बसल्या होत्या, माझ्याकडे बघत नव्हत्या. मध्येच म्हणाल्या, गोधडी पण ने, तू शिवलेली हाय. मी म्हटलं, राहू दे, पुरी झाली नाही. एवढंच बोलणं झालं. त्यांचेही डोळे लाल होते, हे मी तेव्हा बघितलं आणि मला त्यांचा रागसुद्धा धड येईना.

दुपारी दोघं परत आले. वाटेत काय झालं ते ह्यांनी हातपाय धुता धुता आत्याबाईंना सांगितलं, मी ऐकलं. गाडी नेहमीच्याच जागी, बाभळीपाशी बंद पडली. मिस्त्री मागून आला, घामानं निथळत. ह्यांना म्हणाला, तुम्ही सावलीला बसा, इकडे बघू नका. पण बघू नको म्हटलं की माणूस बघतोच. हे बघत होते. मिस्त्रीनं इंजिनाला हात लावला नाही, प्लग काढला नाही. टाकीवर कान ठेवला. आजाऱ्याच्या छातीला कान लावावा तसा, डोळे मिटून, किती तरी वेळ. मग पाठमोरा होऊन टोपणाशी काहीतरी केलं आणि म्हणाला, मारा पायडल. दुसऱ्या फेऱ्याला गाडी चालू. परतीच्या वाटेला पुन्हा बंद पडली, पुन्हा कान, पुन्हा चालू.

"काय म्हणाला काय पर तो?" आत्याबाईंनी विचारलं.

"म्हणाला, पोटात अन्न हाय, पर घास उतरत न्हाई."

मला त्यातलं काही कळलं नाही. ह्यांनाही कळलं नव्हतं, एवढा घड्याळातला बारीक केस दिसणारा माणूस.

बाबालाल मिस्त्री अंगणात उभा होता. आत्याबाई बाहेर आल्या. पदर खोचलेला, हातात सूप तसंच. मी उंबऱ्यावर, पुढं जाऊ की मागं, कळेना. त्या अशा सरळ बोलतील असं मला वाटलं नव्हतं.

"भाई," त्या म्हणाल्या, "तुम्ही वयानं मोठं हायसा. खरं सांगा. दोष लोखंडात हाय का माझ्या घरात?"

हे काहीतरी बोलायला गेले, मिस्त्रीनं हातानं थांबवलं. त्यानं आत्याबाईंकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे नव्हे, हाताकडे. मी हात पदराखाली घेतला. का घेतला कोण जाणे.

"वहिनी," तो म्हणाला, "गोधडी शिवायची सुई हाय का घरात?"

मी अर्ध्या गोधडीला टोचून ठेवलेली सुई आणून दिली. त्यानं ह्यांना घागरभर पाणी आणायला मागं पाठवलं. टोपण फिरवून काढलं आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला, उजेडाकडे तोंड करून. आम्हाला त्याची कोपरं तेवढी हलताना दिसत होती. एकदा फुंकर मारल्याचं ऐकू आलं. टोपण पेट्रोलात बुडवून फडक्यानं पुसलं, परत फिरवून लावलं आणि सुई माझ्या हातात दिली, टोक माझ्या मुठीत जाईल अशी.

"झालं," म्हणाला.

आत्याबाईंनी सूप खाली ठेवलं. "एवढंच?"

"एवढंच. टोपणाला वारा जायला बारीक भोक असतंय. वारा आत गेला तर पेट्रोल खाली उतरतंय. त्यात धूळ बसली होती. दोष आम्हा मिस्त्री लोकांचा, मावशी. तिघं आले, तिघांनी पोट फाडलं, तोंड कुणी बघितलं न्हाई."

माझा श्वास मोकळा होतोय तोवर आत्याबाई म्हणाल्या, "आन् ही धूळ बरी माघातच आली? आधी तीन वर्सं गाडी पळत होती. तवा नव्हती व्हय धूळ?"

बाईच्या डोक्याला कुठं फसवायचं. मिस्त्री फडक्यानं उगाच हँडल पुसायला लागला.

"बाजाराचा रस्ता कवा उखडलाय, मावशी? खडी टाकाय?"

आत्याबाईंनी आठवलं. "माघातच की."

"मग?"

त्यांनी खाली ठेवलेलं सूप उचललं. मी चहा आणला, तर मिस्त्रीनं तो डाव्या हातानं घेतला, उजवी मूठ मिटलेलीच. मला जरा चमत्कारिक वाटलं, पण तेव्हा माझं ध्यान कुठं होतं. चहा पिता पिता त्यानं मला विचारलं, वडील काय करतात. मी सांगितलं, मिरजेत टांगा आहे.

"घोड्याला कुंकू कुठं लावत्यात?"

"कपाळाला."

"आन् ह्याचं कपाळ कुठलं? टाकी तर पोट झालं." त्यानं गाडीच्या पुढच्या दिव्यावर बोटानं टकटक केलं. "हे कपाळ. वाट बघतंय ते कपाळ. उद्यापासनं कुंकू हितं लावा. पोटाला कोण कुंकू लावतंय व्हय?"

आत्याबाईसुद्धा हसल्या. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. म्हणाल्या, खरंच की, मिरजेच्या पोरीला एवढं कळू नये. तो पिशवी उचलून गेला. ती त्यानं शेवटपर्यंत उघडली नव्हती.

मी आत गेले, गोधडीला सुई टोचून ठेवायला. खिडकीपाशी उजेड होता. सुईच्या टोकाला काहीतरी चिकटलं होतं. मी पुसायला गेले तर बोटाला लागलं. धूळ नव्हती ती. धूळ मला माहीत होती, माझा सगळा जन्म टांग्याच्या धुळीत गेला होता. लालजर्द, तेलकट, मध्ये पिवळी रेघ. माझ्याच हातानं कालवलेलं, रोज अंगठ्यानं दाबून बसवलेलं.

मी तिथंच भिंतीला टेकून खाली बसले. म्हणजे आत्याबाई खरं म्हणत होत्या. मी आल्यापासूनच गाडी बंद पडत होती, माझ्याच हातानं पडत होती. तो एक शब्द बोलला असता तर मी जन्माची गेले असते. धूळ म्हणाला. मिस्त्री लोकांचा दोष म्हणाला. रस्ता शोधून काढला, खडी शोधून काढली. आणि मला न दुखवता कुंकवाची जागासुद्धा बदलून दिली. टाकीवर कान ठेवून इंजिनाचं दुखणं ऐकणारी माणसं असतील पुष्कळ. ह्या माणसानं माझ्या घरावर कान ठेवला होता. मला रडू येईना, हसू येईना. माणूस एवढा मोठा असू शकतो हे मला त्या दिवसापर्यंत कुणी दाखवलंच नव्हतं.

बुधवारी मी कुंकू दिव्याला लावलं. हे अकरा मैलांचा बाजार करून संध्याकाळी वेळेत परत आले, वाटेत एकदासुद्धा न थांबता. गुरुवारी आबा टांगा घेऊन आले, तोंड एवढंसं करून. आत्याबाई दारातच म्हणाल्या, कार्ड? कसलं कार्ड? मास्तरनं काय लिवलं कुणाला ठावं, या, हातपाय धुवा, पुरणाचं केलंय. आबा माझ्याकडे बघायला लागले. मी ट्रंकेतलं लुगडं काढून दांडीवर टाकलं.

महिनाभरानं बाजाराच्या निमित्तानं मी मिस्त्रीच्या टपरीवर गेले. बरोबर रव्याचे लाडू होते. आसपास कोणी नव्हतं, तेव्हा म्हटलं, भाई, ती धूळ नव्हती, कुंकू होतं, मी सुई बघितली. तो चाकाचे आरे आवळत होता. मान वर न करता म्हणाला, "कसलं कुंकू, वहिनी? धूळ होती." मी पुन्हा म्हणाले. त्यानं पुन्हा तेच सांगितलं आणि लाडू छान झालेत म्हणाला. तो जिवंत होता तोवर दर दिवाळीला त्याच्या घरी आमच्याकडून फराळ जायचा आणि दर ईदेला त्याच्याकडून शिरखुर्मा यायचा, पण त्या एका गोष्टीवर तो हलला नाही. ह्यांनाही मी कधी सांगितलं नाही. वाटायचं, दोघांच्यातलं गुपित आहे, त्याचं आणि माझं.

आत्याबाई शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळल्या, तेव्हा माझी दोन पोरं मोठी झाली होती. ती गाडी कधीच अडगळीत गेली होती. एका दुपारी मी त्यांच्या उशाशी बसून गोधडी शिवत होते. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या.

"शालन," त्या म्हणाल्या, "त्या मिस्त्रीचा अंगठा लाल झाला होता गं."

माझा टाका हातातच राहिला.

"डाव्या हातानं कप घेतला, तवाच मी बघितलं. मूठ मिटत हुता तर फटीतनं दिसलं. तुझं कुंकू मला कळत न्हाई व्हय?"

मी विचारलं, "मग तुम्ही बोलला का नाही, आत्याबाई? तुम्ही तर मला घालवायलाच निघाला होता."

त्यांनी छताकडे तोंड केलं.

"परका माणूस माझ्या घराची अब्रू मुठीत धरून हुबा हुता," त्या म्हणाल्या. "मी ती मूठ उघडायची व्हय?"

मग त्यांनी पाणी मागितलं. मी सुई गोधडीला टोचली आणि उठले.